टोर्नबेकची लोहारीण

टोर्नबेक, ९ फेब्रुवारी

डाग्नी,

माझी आधीची दोन पत्रं तू न फोडता परत पाठवलीस, म्हणून हे आपल्या जुन्या गावाच्या पार्कच्या छापील पाकिटात घालतेय. कामाचं काही असेल असं वाटून तरी फोडशील. आणि काम आहेच, तेव्हा फसवलं म्हणू नकोस.

तुझ्या बाबांची भट्टी बंद होणार आहे. तू नॉर्वेला गेल्यावर पार्क चालवणाऱ्या प्रेबेननं तो मॅग्नुस आणला होता ना, तो ऑक्टोबरात हंगाम संपल्या संपल्या सोडून गेला. दोन हंगाम त्यानं कसेबसे ओढले. दाढी छान, आवाज छान, दंड तर असे की बायका फोटो काढायला थांबायच्या. पण लोखंडाला लोखंड जोडायचं म्हटलं की भट्टीच ओढत नाही म्हणायचा. नाचता येईना अंगण वाकडं. माणूस मात्र प्रामाणिक. जाताना माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गुद्रून, मी कसला लोहार, मी लोहाराचं सोंग. इथे आधी कोण होतं गं? मोठ्या हातोड्याचा दांडा डावखुऱ्या हातानं झिजलाय." मी म्हटलं, माझा नवरा होता. आस्गेर डावखुरा नव्हता हे त्याला सांगायची गरज मला वाटली नाही.

आता प्रेबेनच्या मनात तिथे सॉसेजचं दुकान काढायचंय. ऐरण दारात शोभेला ठेवायची, आणि घणाचे आवाज कर्ण्यातून वाजवायचे. ८ एप्रिलला संचालकांची बैठक आहे, त्यात ठरेल. १ मेला पार्क उघडतो, पाहुण्यांसाठी पुन्हा आपण सगळे १७२० सालचे होणार.

तू काही करावंस असं मी म्हणत नाहीये. बाबांच्या सांडशा, भाता, चामड्याचा एप्रन, यातलं काही हवं असेल तर कळव, नाहीतर सगळं कोठारात जाईल. तिकडे गोदीत थंडी फार असेल. मोजे पाठवू का?

तुझी आई


टोर्नबेक, २७ फेब्रुवारी

डाग्नी,

कार्ड मिळालं. दोन वर्षांनी तीन ओळी. 'गुद्रून, सनदेच्या सातव्या कलमात नेमकं काय लिहिलंय? बाबा नेहमी "लेकरं" म्हणायचे. मूळ पानाचा फोटो पाठव.'

म्हणजे मी अजून गुद्रूनच आहे. असू दे.

टोर्नबेकच्या लोहारांना तीनशे वर्षांपूर्वी मिळालेल्या त्या सनदेत काय आहे ते मी पार्कच्या अहवालात लिहिलंय आणि ते भट्टीच्या दारातल्या पाटीवर अख्ख्या जगासमोर टांगलंय. लोहार वारला तर त्याच्या विधवेनं भट्टी चालू ठेवावी, तिचे मुलगे घण धरतील, आणि मुलगे नसतील तर भट्टी दुसऱ्या लोहाराकडे जाईल. मुलगे. आम्हाला मुलगा झाला नाही, यात माझा काय दोष? बाबांचं म्हणशील तर त्यांना जुनी लिपी कुठे वाचता यायची. मी कधीतरी वाचून दाखवलं असेल, त्यांनी आपल्या मनाचं ऐकलं.

आणि एक लक्षात ठेव, ते तक्रारीचं पत्र मी लिहिलं नव्हतं. कुणा निवृत्त मास्तरानं लिहिलं होतं, '१७२० सालच्या गावात भट्टीवर पोरगी? उद्या चर्चमध्ये पाद्रीणबाई उभी कराल.' बाबा होते तोवर तू त्यांच्या बाजूला उभी राहायचीस, बापाला मदत करणारी मुलगी म्हणून. कुणाची हरकत नव्हती. ते गेल्यावर तू एकटी दिसायला लागलीस, तेव्हा लोकांना इतिहास आठवला. प्रेबेन माझ्याकडे आला, म्हणाला, "गुद्रून, इतिहासाचं खातं तुझं. कागद काय म्हणतो ते लिहून दे, म्हणजे माझी सुटका." मी लिहून दिलं. त्यानं तुला सूत कातायला बसवलं. तू तीन आठवडे कातलंस, चाती आपटलीस आणि गेलीस. या सगळ्यात मी काय केलं? कागद वाचला.

हसू मलाही येतं. खानावळीत भाजलेले बटाटे विकतात, त्या काळी आपल्या गावात बटाटा कुणी पाहिला नव्हता. भात्यामागे विजेचा पंखा लपवलाय. पाद्र्याच्या अंगरख्याला मी स्वतः चेन लावलीय, कारण त्याला वेळेवर बटणं लावता येत नाहीत. यातलं काही कुणाला खुपलं नाही, एक बाई खुपली. पण मी तरी काय करणार? पार्कच्या यादीत माझ्या नावापुढे पस्तीस वर्षं 'लोहारीण' लिहिलंय. लोहारीण म्हणजे लोहाराची बायको, समोरच्या घरात मागावर बसणारी. मी कधी कुरकुर केली?

फोटो माझ्याकडे नाही. मूळ सनद जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात आहे आणि तिथे बांधकाम चालू आहे. उन्हाळ्यापर्यंत बंद.

तुझी आई


टोर्नबेक, १७ मार्च

डाग्नी,

दफ्तरखाना बंद नाही. तू फोन केलास, त्यांनी उचलला. 'प्रत मागवली आहे, १० एप्रिलपर्यंत येईल.' कार्डावर बाकी काही नाही, नावसुद्धा नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. कार्ड हातात घेऊन मी टपालपेटीपाशीच उभी राहिले, शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का?

बरं. बांधकाम मागच्या वर्षी होतं. माझी गफलत झाली.

आता दुसरंही सांगून टाकते. त्या सनदेची लिपी तू पाहिली नाहीस. शाई पसरलेली, अक्षरं एकमेकांत घुसलेली, पानाला ओल लागलेली. अशा पानात एखादा शब्द चुकू शकतो. 'लेकरं' असेल, मी 'मुलगे' वाचलं असेल. शक्य आहे. माझे डोळे त्या वेळी बरे नव्हते, बाबांना जाऊन वर्ष झालं नव्हतं. माणूस आहे मी. चूक झाली असेल तर झाली.

पण इथे आता नवीनच कटकट उभी राहिलीय. प्रेबेन काल कोठारात आला, मी पाद्र्याची चेन दुरुस्त करत होते. म्हणाला, "अगं, सॉसेजच्या दुकानाला संचालकांची ना नाही. पण आपल्या फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'जसं होतं तसं'. वर्तमानपत्रवाले विचारतील, भट्टी का विझवली. तू एवढंच लिहून दे की सनदेप्रमाणे लोहाराचं घराणं संपलं, दुसरा लोहार मिळाला नाही, म्हणून भट्टी विझली. एक सही. मग ते बंद करणंसुद्धा इतिहासच."

मी म्हटलं, "घराणं संपलं म्हणजे?"

"म्हणजे मुलगा नाही ना."

"मुलगी आहे माझी."

"ते मला माहीत आहे गं. पण कलम तूच वाचलंस ना?"

तो काही वाईट माणूस नाही. त्यानं हे अगदी साधेपणानं विचारलं. कागद माझ्यापुढे ठेवून गेला. ८ तारखेला बैठकीत सही करायची आहे. कागद शिवणयंत्राच्या खणात आहे आणि मी खण उघडत नाही, त्यामुळे कात्रीही वापरता येत नाही.

मी सही केली तर भट्टी जाईल आणि दोन दिवसांनी तुझ्या हातात खरं पान येईल. मग तू काय समजायचं ते समजशील.

आई


टोर्नबेक, ५ एप्रिल

डाग्नी,

बैठकीला तीन दिवस आहेत, तुझ्या प्रतीला पाच. तुला कागदावरून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे.

चूक नव्हती ती. पानाला ओल लागलेली नाही, शाई पसरलेली नाही, अक्षर मोत्यासारखं आहे. कलम असं आहे: 'लोहार वारल्यास त्याची विधवा भट्टी राखील. तिची लेकरं घण धरतील. मात्र तिचा स्वतःचा हात रोज भट्टीवर दिसावा. तिनं दुसरा घरोबा केल्यास भट्टी विझवावी.' दुसऱ्या लोहाराचा तिथे उल्लेखसुद्धा नाही. 'लेकरं' मी स्वच्छ वाचलं, घरी येऊन जेवले, भांडी घासली आणि मग 'मुलगे' लिहिलं. हाताचं वाक्य मी गाळलं.

का, ते तू विचारशील. दोन वर्षं मी स्वतःला एक उत्तर देत आलेय, ते आधी सांगते. बाबांचा उजवा डोळा ठिणगीनं गेला. तुझ्या मनगटावर तो लांब डाग आहे, त्या दिवशी पाण्याच्या बादलीपाशी तुझा हात मीच धरला होता. पोरगी या आगीतून बाहेर पडली तर बरं, असं वाटलं मला. हे खोटं नाही.

पण ते अर्धं आहे.

मी सव्वीस वर्षांची असताना इथे आले तेव्हा एकदा बाबांना म्हटलं होतं, मला शिकव ना. ते हसले. वाईट नाही हसले, लाडानं हसले. म्हणाले, "तुझी बोटं धाग्याची आहेत गं, ती कशाला जाळतेस?" मी परत विचारलं नाही. माग भट्टीच्या बरोबर समोर होता, वीस पावलांवर. रोज मी पाहुण्यांना सांगायचे, त्या काळी बायका हे काम करत आणि पुरुष ते. तेरा वर्षं सांगितलं आणि मलाही ते पटलं. मग एक दिवस समोरून दोन हातोड्यांचा आवाज आला. एक जड, एक हलका. बाबांनी तुला लाकडी खोक्यावर उभं केलं होतं, नऊ वर्षांची होतीस तू. मी दारात आले तर ते मोठ्यानं म्हणाले, "बघ गुद्रून, डावरी आहे पण काय हात आहे हिचा."

तुझ्यावर जळले मी. पोटच्या पोरीवर. बावीस वर्षं झाली, आज लिहितेय.

आणि बाबा गेल्यावर ते कलम पुढे आलं. त्या कागदानं भट्टी मला दिली होती, तुला नाही. तुला माझ्या जोडीला घण धरायला दिलं होतं. मला नुसतं रस्ता ओलांडून यायचं होतं. पण साठीला टेकलेल्या आईनं मुलीकडून खिळा करायला शिकायचं, सगळ्या पेठेसमोर, ज्यांना पस्तीस वर्षं सांगितलं की हे बायकांचं काम नव्हे. मला ते झेपलं नाही. मला मिळालं नाही तर कुणालाच नको, असं झालं. एक शब्द बदलला आणि दोघींची भट्टी विझवली.

क्षमा माग असं मला कुणी सांगायला नको. मागते. तू दिली नाहीस तरी चालेल, म्हणजे चालणार नाही, पण मी समजेन.

गुद्रून


टोर्नबेक, ८ एप्रिल

डाग्नी,

बैठक दहाला होती. मी कोठारातून जाताना तुझ्या बाबांचा एप्रन घेऊन गेले. का घेतला ते तेव्हा कळलं नव्हतं.

चार संचालक आणि प्रेबेन. कॉफी, दालचिनीचे रोल. प्रेबेननं माझ्यापुढे पेन ठेवलं. मी म्हटलं, मी सही करणार नाही, आणि मूळ कलम वाचून दाखवलं. काल जिल्ह्याला जाऊन आले, फोटो काढून आणला. दहा मिनिटांचं काम होतं.

फोटो टेबलाभोवती फिरला. मग प्रेबेन म्हणाला, "म्हणजे दोन वर्षं आपण खोटं वाचून दाखवतोय लोकांना?"

"आपण नाही. मी."

"चुकून?"

इथे निसटता आलं असतं. प्रेबेननं दार अर्धं उघडून दिलं होतं, त्याला स्वतःलाच ते हवं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी म्हटलं, "नाही. मुद्दाम."

त्याचं तोंड लाल झालं. "अगं, मी त्या मुलीला तुझ्या कागदावर घालवलं. तिनं माझ्या टेबलावर चाती आपटली, मी म्हटलं, बाळ, माझ्या हातात नाही, इतिहास आहे. आणि तू समोर बसून शिवत होतीस."

"हो."

"मग आता काय करू मी?"

मी त्याला फाटकावरच्या पाटीची आठवण करून दिली. जसं होतं तसं. लोहार वारला, विधवा आहे, भट्टी तिची. एक संचालक, तो टक्कल असलेला, हसायला लागला. म्हणाला, "विधवा आहे कुठे?"

मी एप्रन घातला. नाडी दोनदा गुंडाळावी लागली, बाबा केवढे होते.

"तुला हातोडा उचलवतो तरी का?" प्रेबेननं विचारलं.

"नाही उचलवत. पण तिथे 'हात दिसावा' असं लिहिलंय, किती बळाचा ते नाही."

शेवटी ठरलं ते असं. इतिहासाचं खातं माझ्याकडून काढलं. कपडेही दुसरी बाई बघेल. पाटी बदलायची. भट्टी मिडसमरपर्यंत, २३ जूनपर्यंत, राहील, आणि रोज विधवा भट्टीवर दिसली पाहिजे. तोवर लोहाराचं खरं काम तिथे होताना दिसलं नाही, तर सॉसेज. प्रेबेन बाहेर येऊन म्हणाला, "गुद्रून, मी रागावलोय तुझ्यावर. बरेच दिवस रागावलेला राहीन." मी म्हटलं, रांगेत तुझा नंबर दुसरा आहे.

तू ये असं मी म्हणणार नाही. तो हक्क मी दोन वर्षांपूर्वी खोडला. फक्त तुला आज काय झालं ते माहीत असावं.

गुद्रून


टोर्नबेक, ३ मे

डाग्नी,

उघडला पार्क. तीन दिवस झाले. पहिल्या दिवशी कोळसा पेटायला मला पाऊण तास लागला आणि धुरानं अर्धी पेठ खोकली. पंखा मी काढून टाकलाय. भाता ओढून ओढून खांदे उतरलेत, कंगवा वर नेता येत नाही.

काळी टोपी घातली. इतकी वर्षं मला ते विधवेच्या टोपीचं सोंग कधी करावंसं वाटलं नाही, आणि बाबा गेल्यावर तर मुळीच नाही. आता सोंग राहिलं नाही, म्हणून घालता येते.

लोक थांबतात. एक गृहस्थ बायकोला म्हणाला, "हे असलं त्या काळी नसायचं." मी म्हटलं, पाटी वाचा. तो म्हणाला, "आजीबाई, घरी बसून मोजे विणा." मी म्हटलं, ते पस्तीस वर्षं विणले, तुमच्या पायातले माझेच आहेत. खरंच होते, दुकानातून घेतलेले. बायको इतकी हसली की तिला बसायला स्टूल द्यावं लागलं.

पाटी मी स्वतः रंगवली. वर कलम, जसं आहे तसं. खाली लिहिलंय: 'दोन वर्षं या पाटीवर "लेकरं"च्या जागी "मुलगे" होतं. तो शब्द मी जाणूनबुजून बदलला. त्यामुळे इथला लोहार गेला. तिचं नाव डाग्नी. – गुद्रून, आस्गेरची विधवा.' प्रेबेन म्हणाला, एवढं सगळं लिहायची गरज होती का. मग स्वतःच शिडी धरून उभा राहिला.

सोबत एक खिळा पाठवतेय. तीन दिवसांत एवढा एकच झाला. त्याच्याकडे बघून हसशील, हस.

तुझी एप्रन टांगायची खुंटी रिकामी आहे. मॅग्नुस तिच्यावर टोपी ठेवायचा. मी काही ठेवत नाही.

गुद्रून


टोर्नबेक, २१ मे

डाग्नी,

तुझं कार्ड मी भट्टीच्या भिंतीवर लावलंय, ठिणगी लागू नये म्हणून काचेखाली.

'गुद्रून, प्रत मिळाली. मॅग्नुस तुझी पाटी वाचून गेला, प्रेबेनकडून माझा पत्ता घेऊन त्यानं तिचा फोटो पाठवला. खिळा वाकडा आहे कारण लोखंड गार झाल्यावर मारत राहिलीस. संत्र्याच्या सालीचा रंग आला की बाहेर काढ, चार घाव घाल, लाल पडला की परत आत. जोर लावू नकोस, हातोड्याचं वजनच काम करतं. माझा घेऊ नकोस, जड आहे. लहान हातोडा खोक्याखाली असेल, बघ.'

खोकं ऐरणीमागेच होतं. ज्यावर तू उभी राहायचीस तेच. खाली हातोडा होता, फडक्यात गुंडाळलेला. दांडा इतका बारीक की तो तुझ्या नवव्या वर्षाचा असणार. माझ्या बोटांना बरोबर बसला. धाग्याची बोटं ना माझी.

'मला शिकव' असं मी बाबांना म्हटल्याला पस्तीस वर्षं झाली. उत्तर एका कार्डावर आलं आणि ते तू दिलंस. मी खोक्यावर बसले आणि रडले, बाहेर पाहुणे उभे होते, त्यांना वाटलं हेही नाटकातलंच.

मग उठले. संत्र्याच्या सालीचा रंग, चार घाव, परत आत. आज सतरा खिळे केले. सोळा वाकडे आहेत. सरळ आला तो तुला पाठवतेय, तपासून कळव.

मिडसमरला अजून तेहेतीस दिवस आहेत. दोन लोखंडं जोडायची कशी, ते मला अजून येत नाही. पुढच्या कार्डात लिही, किंवा लिहून कळण्यासारखं नसेल तर तसं सांग.

गुद्रून,
टोर्नबेकची लोहारीण